वाचकांचे प्रश्न : घरची आर्केड स्टिक निवडताना आणि बदलताना

फायटिंग गेम घरी खेळणाऱ्या वाचकांनी आर्केड स्टिकविषयी, म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरमधील यंत्रांसारखी लिव्हर आणि बटणे असलेल्या कंट्रोलरविषयी, पाठवलेल्या पत्रांपैकी, ज्यांचा इतरांनाही उपयोग होईल अशी काही पत्रे येथे घेतली आहेत. बहुतेकांनी ‘कोणता भाग बदलू?’ असे विचारले आहे. माझा भर मात्र दोष नेमका कोठे आहे हे आधी शोधण्यावर आहे. लिव्हर, बटणे, सर्किट बोर्ड आणि पेटी या चारही गोष्टींचे दोष खेळताना हाताला सारखेच जाणवतात, आणि अंदाजाने मागवलेला भाग परदेशातून येईपर्यंत पैसा आणि उत्साह दोन्ही खर्ची पडतात.

मी महाविद्यालयात शिकतो आणि ‘स्ट्रीट फायटर 6’ साध्या पॅडवर खेळतो. मित्र म्हणतात की स्टिक घेतल्याशिवाय खेळ सुधारणार नाही. हे खरे आहे काय? – एक वाचक, नाशिक

हे खरे नाही. 2014 च्या ‘इव्हो’ या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर 4’ चे विजेतेपद फ्रान्सच्या लफी या खेळाडूने मिळवले, आणि त्याच्या हातात पहिल्या प्लेस्टेशनच्या काळातील पॅड होते. पॅडवर खेळताना अंगठा दुखत असेल, सहा हल्ल्यांसाठी पॅडच्या वरच्या कडेवरची बटणेही दाबणे अवघड जात असेल, किंवा लिव्हर हातात धरून खेळण्याचा आनंदच आपल्याला हवा असेल, तर स्टिक जरूर घ्यावी. या खेळाची सहा बटणांची मांडणी 1987 साली आर्केड यंत्रांतून आली. वरच्या ओळीत हलका, मध्यम आणि जोरदार ठोसा आणि खालच्या ओळीत त्याच क्रमाने लाथा ही रचना स्टिकवर बोटांखाली जशीच्या तशी मिळते, ही तिची खरी सोय आहे. परंतु पहिले काही आठवडे खेळ बिघडेल, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी. परीक्षा किंवा स्पर्धा जवळ असताना हा बदल करू नये.

पहिली स्टिक घ्यायची आहे. पुढे भाग बदलता येतील अशी स्टिक कशी ओळखावी? संगणक आणि प्लेस्टेशन 5 या दोन्हींवर खेळतो. – एक वाचक, डोंबिवली

आपण ‘भाग बदलता येतील अशी’ हा शब्दप्रयोग केला आहे, तीच खरेदीची पहिली कसोटी असावी. जपानी मापाच्या बटणांसाठी 30 मिलिमीटरची आणि स्टार्टसारख्या दुय्यम बटणांसाठी 24 मिलिमीटरची भोके असतात. ही मापे असलेल्या स्टिकमध्ये सान्वा, सेमित्सू, होरी किंवा क्वान्बा यांपैकी कोणाचीही बटणे बसू शकतात. बटणांना तारा सोल्डर केलेल्या आहेत की खोचलेल्या आहेत, हे उत्पादनाच्या आतल्या छायाचित्रात पाहावे. खोचलेल्या असतील तर बटण बदलण्यासाठी सोल्डरिंगची गरज पडत नाही. लिव्हरला पाच तारांचा एकच जोड असेल तर सान्वा जेएलएफ ही सर्वांत प्रचलित लिव्हर सहसा थेट बसते. शेवटी पेटीची खोली पाहावी. मांडीवर न टिकणाऱ्या, टेबलावर ठेवण्याच्या छोट्या आणि पातळ स्टिक स्वस्त असतात, पण त्यांत पूर्ण मापाच्या लिव्हरला जागाच नसते. अशी स्टिक आहे तशीच वापरायची आणि तशीच विकायची, हे मनाशी ठरवूनच ती घ्यावी.

कमी खर्चात सुरुवात करायची असेल तर मेफ्लॅशची एफ300 ही आपल्या कामाची पेटी आहे. तिची मूळची लिव्हर आणि बटणे सामान्य दर्जाची आहेत, परंतु दोन्हींच्या जागी सान्वाचे भाग विनासायास बसतात. मात्र काही कन्सोलवर ती चालवताना त्या कन्सोलचे मूळ पॅड तिला जोडून ठेवावे लागते. थोडा अधिक खर्च शक्य असेल तर होरीची फायटिंग स्टिक अल्फा पाहावी. तिचे झाकण डब्यासारखे उघडते, आणि आत काय आहे हे दिसणे शिकणाऱ्यासाठी फार मोलाचे असते.

प्लेस्टेशन 5 चा मुद्दा वेगळा आहे आणि तो घाईत घेऊ नये. कन्सोल जोडलेल्या उपकरणाची ओळख तपासतो. ती न पटल्यास उपकरण मुळीच चालत नाही किंवा काही मिनिटांनी त्याची जोडणी तुटते. ‘स्ट्रीट फायटर 6’ आणि ‘टेकन 8’ या खेळांच्या प्लेस्टेशन 5 आवृत्त्या प्लेस्टेशन 4 साठी बनलेल्या स्टिकही स्वीकारतात, परंतु ही सवलत त्या त्या खेळाने दिलेली आहे. कन्सोलच्या मुख्य पडद्यावर किंवा इतर खेळांत ती गृहीत धरता येत नाही. आपण जे खेळ खेळता त्यांची यादी हाताशी ठेवून विक्रेत्याला प्रत्येकाविषयी विचारावे. केवळ संगणकावर खेळणाऱ्यांना यातील जवळजवळ कोणतीच अडचण येत नाही.

परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी आणि टपालखर्च किमतीत धरूनच तुलना करावी. स्टिक वजनाला जड असते, त्यामुळे पुष्कळदा पेटी येथे घेऊन फक्त लिव्हर आणि बटणे येणाऱ्या नातेवाइकांबरोबर मागवणे परवडते.

उजवीकडे तोंड असताना माझा फायरबॉल (लिव्हर खालून पुढे नेत ठोशाचे बटण दाबून निघणारा हल्ला) निघतो, पण डावीकडे तोंड असताना दहापैकी निम्मे वेळा चुकतो. चौकोनी गेट काढून अष्टकोनी गेट बसवावे काय? – एक वाचक, कोल्हापूर

गेट, म्हणजे लिव्हरच्या खालची चौकट, तूर्त तसेच राहू द्यावे. ट्रेनिंग मोडमध्ये जाऊन दिशांची नोंद पडद्यावर दिसेल असे करावे आणि डावीकडे तोंड करून संथपणे तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी. खाली, खाली-डावीकडे आणि डावीकडे या तिन्ही दिशा दिसल्या पाहिजेत, आणि शेवटच्या दिशेबरोबर किंवा तिच्या लगेच नंतर ठोसा दिसला पाहिजे. तिरकी दिशा गळणे हा चुकीचा एक प्रकार, शेवटची दिशा गळणे हा दुसरा, आणि दिशा पूर्ण होण्याआधीच ठोसा पडणे हा तिसरा. हा तिसरा प्रकार सर्वांत अधिक आढळतो, आणि तो कोणत्याही नव्या भागाने दुरुस्त होत नाही.

आपली अडचण एकाच बाजूला आहे, म्हणून यंत्राकडेही एकदा पाहावे लागेल. जेएलएफसारख्या लिव्हरमध्ये दांडा मधल्या टेकूवर डुलतो. त्यामुळे वरचा गोळा डावीकडे गेला की दांड्याचे खालचे टोक उजवीकडे जाते आणि उजव्या बाजूचा मायक्रोस्विच, म्हणजे दिशा नोंदणारा छोटा स्विच, दाबला जातो. डावी दिशा अधूनमधून गळत असेल तर तपासायचा स्विच उजवीकडचा आहे, हे लक्षात न घेतल्याने पुष्कळ जण निरोगी स्विच काढून टाकतात. लिव्हर डावीकडे अगदी हळू झुकवत न्यावी. टिक असा आवाज येण्याच्या क्षणीच पडद्यावर बाण उमटतो का, आणि लिव्हर तशीच धरून ठेवली असता तो थरथरतो का, ते पाहावे. तेथे दोष दिसला तर स्विचचा भाग बदलावा. दोष दिसला नाही, तर हाताच्या सवयीचा प्रश्न आहे असे मानून पुढे जावे.

आता गेटविषयी. लिव्हरच्या खालची प्लास्टिकची चौकट दांड्याला कोठे थांबवायचे ते ठरवते. चौकोनी चौकटीचे चार कोपरे म्हणजे चार तिरक्या दिशा. ‘स्ट्रीट फायटर’मधील गाइलसारख्या पात्रासाठी खाली-मागे ही दिशा दीर्घकाळ धरून ठेवावी लागते, आणि तेथे कोपऱ्यात विसावलेली लिव्हर जराही हलत नाही. अष्टकोनी चौकटीत तोच खोबणीचा आधार कमी पक्का वाटतो. याउलट झांगीफसारख्या पात्राची लिव्हर पूर्ण गोल फिरवताना चौकोनाचे कोपरे काहींना अडखळवतात. अष्टकोनी गेटमध्ये आठही दिशांना खाच लागते, म्हणून सुरुवातीला ते सोपे वाटते. पण त्याने तिरक्या दिशेतील हालचालीचे अंतर कमी होते, आणि खाचेत अडकल्याची जाणीव झाल्याशिवाय पुढे जायचे नाही अशी सवय लागते. दिशा नोंदली जाते ती स्विच दाबला गेल्यावर, भिंतीला टेकल्यावर नव्हे. ज्याचा हात प्रत्येक वेळी भिंतीपर्यंत जातो त्याचे गेट कोणतेही असो, हालचाल लांबच होते. माझे मत असे की, चौकोनी गेटवर निदान दोन महिने सराव केल्यानंतरही तिरकी दिशाच गळत असेल तरच अष्टकोनी गेट मागवावे. ते स्वस्त आहे आणि चौकट काढून बसवण्यास काही मिनिटेच लागतात, त्यामुळे थांबण्यात नुकसान काहीच नाही.

नव्वदच्या दशकात सोलापुरातील पार्लरमध्ये ‘द किंग ऑफ फायटर्स 97’ खेळून हात तयार झाला. आता विकत घेतलेली लिव्हर फारच मऊ वाटते. ती ताठ करता येईल काय? – एक वाचक, सोलापूर

निश्चितच करता येईल. जेएलएफची मूळ स्प्रिंग मऊच असते. तिच्या जागी अधिक ताठ स्प्रिंग बसवली की लिव्हर मधल्या स्थितीला लवकर परतते, आणि पुढे दोनदा झटका देऊन धावण्यासारख्या हालचाली नीटनेटक्या होतात. मात्र ताठपणाची एक पायरीच वर चढावी. अतिशय ताठ स्प्रिंगने तासाभरातच मनगट थकते. स्प्रिंगबरोबर मिळणारा मोठ्या व्यासाचा ॲक्च्युएटर, म्हणजे दांड्याच्या खालचा स्विच दाबणारा प्लास्टिकचा ठोकळा, त्याच दिवशी बसवू नये. तो बसवल्याने कमी अंतरात दिशा नोंदली जाते. दोन्ही बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने काय घडले हे कळत नाही.

गोल गोळ्याऐवजी लांबट मूठ हवी असेल तर 6 मिलिमीटर आट्याची मूठ मागवावी. जुना गोळा काढताना दांड्याच्या तळाच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर रोवून दांडा स्थिर धरावा आणि गोळा डावीकडे फिरवावा. कोरियन लिव्हरचाही विचार करता येईल. त्यांत स्प्रिंगऐवजी रबराचे कडे असते आणि गेट गोल असते. ‘टेकन’ खेळणाऱ्यांत त्या लोकप्रिय आहेत, कारण मागे सरकण्याच्या जलद हालचालीत मध्याकडे लगेच परतणारी लिव्हर साथ देते. मात्र त्या लांब असतात आणि सर्वच पेट्यांत मावत नाहीत, त्यामुळे खोली मोजूनच मागवाव्यात.

घर एका खोलीचे आहे. रात्री मूल झोपल्यावर खेळतो तेव्हा स्टिकचा आवाज फार होतो. काय करावे? – एक वाचक, ठाणे

आवाज तीन ठिकाणांहून येतो, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. बटणाचा दांडा वर-खाली आदळण्याचा आवाज सान्वाच्या ओबीएसएफएस-30 या बटणांत फोमच्या चकत्यांमुळे बराच कमी होतो. ती त्याच 30 मिलिमीटरच्या भोकात बसतात. लिव्हरमध्ये स्विचची टिकटिक आणि दांडा गेटवर आदळण्याचा ठोका असे दोन आवाज मिसळलेले असतात. प्रकाशाच्या सेन्सरवर चालणारी लिव्हर घेतली तर टिकटिक थांबते, पण ठोका राहतोच. तो हात हलका करूनच कमी होतो. तिसरा आवाज पोकळ पेटीचा आहे. पेटी तबल्यासारखी घुमते, आणि हाच भाग सर्वांत स्वस्तात सुधारतो. पेटी उघडून तळाला आणि रिकाम्या जागेत दाट फोमचे तुकडे बसवावेत. ते लिव्हरच्या दांड्याला किंवा सर्किट बोर्डाला टेकणार नाहीत याची काळजी घ्यावी. स्टिक टेबलावर ठेवत असाल तर खाली जाड रबरी चटई घालावी, अन्यथा टेबलही आवाजात भर घालते. प्रथम फोम आणि चटई करून पाहावी, आणि त्यानंतरच आठ बटणांचा खर्च करावा.

मला स्टिक स्वतः बनवायची आहे. सुतार ओळखीचा आहे आणि सोल्डरिंग येते. बोर्ड कोणता घ्यावा? – एक वाचक, पुणे

आपल्याकडे जी दोन कौशल्ये आहेत, त्यांच्या बळावर विकतच्या मध्यम किमतीच्या स्टिकपेक्षा चांगली वस्तू तयार होऊ शकते, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

बोर्डापासून सुरुवात करू, कारण त्यातील उणीव इतर कोणत्याही भागाने भरून निघत नाही. बाजारात ‘झिरो डिले’ या नावाने मिळणारे स्वस्त बोर्ड नावाप्रमाणे विलंबमुक्त नाहीत. हे खेळ सेकंदाला 60 चित्रांच्या गतीने चालतात, म्हणजे एक चित्र सुमारे 16.67 मिलिसेकंद टिकते. बोर्ड सेकंदाला 125 वेळाच संगणकाला माहिती देत असेल तर दोन माहितींमध्ये 8 मिलिसेकंदांचे अंतर पडते, आणि 1000 वेळा देत असेल तर 1 मिलिसेकंदाचे. म्हणून रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड आणि त्यावर जीपी2040-सीई हे मुक्त स्वरूपात उपलब्ध असलेले फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारा प्रोग्रॅम, ही जोडी मी सुचवतो. 2021 च्या जानेवारीत पिको 4 डॉलरला बाजारात आला आणि हौशी कारागिरांसाठी चित्रच पालटले. पिकोवरचे बूटसेल बटण दाबून धरून तो संगणकाला जोडावा. तो पेनड्राइव्हसारखा दिसू लागला की फर्मवेअरची यूएफ2 फाइल त्यात टाकावी. पुढे स्टार्टचे बटण दाबून धरून जोडल्यास ब्राउझरमध्ये 192.168.7.1 या पत्त्यावर त्याचे सेटिंग उघडते आणि कोणती पिन कोणत्या बटणाची हे तेथेच ठरवता येते. संगणकासाठी एवढे पुरे आहे. प्लेस्टेशन 5 किंवा एक्सबॉक्ससाठी ओळख पटवण्याची वेगळी सोय लागते. ते टाळायचे असेल तर ब्रूक कंपनीचा महाग पण तयार बोर्ड घ्यावा.

जोडणी सोपी आहे. प्रत्येक बटणाच्या दोन पात्यांपैकी एक पिकोच्या पिनला जाते, आणि उरलेली सर्व पाती एकाच तारेने साखळीसारखी ग्राउंडला जोडली जातात. वेगळे रेझिस्टर लावावे लागत नाहीत. सान्वाच्या बटणांना 2.8 मिलिमीटरची थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला बसवून पात्यावर खोचायचे धातूचे तुकडे, लागतात. इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारले तर बहुधा 6.3 मिलिमीटरची, मोटारगाड्यांत वापरली जाणारी थिंबल पुढे करतील, ती बसणार नाहीत. पिकोचा मायक्रो यूएसबी सांधा नाजूक असतो. म्हणून पेटीच्या भिंतीत वेगळा, स्क्रूने घट्ट बसणारा सॉकेट लावावा, म्हणजे तारेला हिसका बसला तरी तो बोर्डापर्यंत पोहोचत नाही.

पेटीच्या बाबतीत सुताराला एक गोष्ट आवर्जून समजावून सांगावी लागेल. पूर्ण वरचा भाग जाड प्लायवुडचा केला तर दाबून बसवायच्या बटणांच्या खिट्या त्यात अडकत नाहीत, आणि लिव्हर खाली गेल्याने दांडा आखूड पडतो. बाजू 18 मिलिमीटर प्लायवुडच्या कराव्यात आणि वर साधारण 2 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा बसवावा. भोसरीसारख्या औद्योगिक भागात लेझरने पत्रा कापून देणाऱ्यांकडे आराखड्याची फाइल दिली की सर्व भोके अचूक येतात. हाताने ड्रिल करून ती अचूकता मिळत नाही, आणि बटणांच्या रांगेतील दीड-दोन मिलिमीटरची चूक बोटांना रोज जाणवते. आराखड्यासाठी तायतोच्या व्ह्यूलिक्स या आर्केड यंत्राची मांडणी घ्यावी. तिच्यात बोटांच्या कमी-अधिक लांबीनुसार बटणे वळणदार रांगेत येतात. पत्रा कापण्याआधी तोच आराखडा पुठ्ठ्यावर छापून, भोके कापून, त्यात बटणे बसवून मांडीवर ठेवावा आणि लिव्हर व बटणांमधील अंतर आपल्या खांद्यांना मानवते का ते पाहावे. रुंद खांद्यांच्या माणसाला तयार आराखडा थोडा आखूड वाटतो, आणि तो बदल याच टप्प्यावर फुकट होतो. पेटीची आतली उंची ठरवताना लिव्हरच्या तळापासून खाली निदान 10 मिलिमीटर मोकळे राहू द्यावेत. वजन कमी करण्याच्या मागे लागू नये. हलकी पेटी मांडीवरून सरकते.

पावसाळ्यात लिव्हर कुरकुरते. शिलाई मशीनचे तेल घातले तर चालेल काय? – एक वाचक, मडगाव

नको. पातळ तेल ओघळून स्विचमध्ये जाते आणि धूळ धरून ठेवते. खोबरेल तेल त्याहून वाईट, कारण ते थंडीत थिजते. गेट काढावे, दांड्याच्या तळाची ई आकाराची खिटी चपट्या स्क्रूड्रायव्हरने ढकलून काढावी आणि तिच्यावर बोट ठेवूनच ढकलावी, कारण ती उडून हरवते. ॲक्च्युएटर आणि स्प्रिंग उतरवल्यावर टेकूचा गोल भाग दिसेल. तो कोरड्या कापडाने पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. स्विचला काहीही लावू नये. भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदावर मांडून ठेवले, तर परत बसवताना गोंधळ होत नाही.

माझ्या मुलाने लिव्हर नसलेला, फक्त बटणांचा कंट्रोलर पिकोवर बनवला आहे. स्थानिक स्पर्धेत तो चालेल काय? – एक वाचिका, न्यू जर्सी

चालण्यास हरकत नसावी, मात्र एक सेटिंग तपासावे लागेल. लिव्हर एका वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊ शकत नाही. बटणे मात्र दोन्ही एकदम दाबता येतात. अशा वेळी कंट्रोलरने काय पाठवावे, यावर पूर्वी बराच वाद झाला. ‘स्ट्रीट फायटर’ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने 2023 च्या आपल्या प्रो टूर या स्पर्धामालिकेसाठी घातलेल्या नियमानुसार डावे-उजवे एकदम दाबले तर कोणतीच दिशा जाता कामा नये, आणि वर-खाली यांनाही तेच लागू आहे. आपल्या मुलाच्या कंट्रोलरमध्ये बहुधा जीपी2040-सीई असेल. त्याच्या सेटिंगमध्ये विरुद्ध दिशांसाठीचा पर्याय ‘न्यूट्रल’ असा ठेवावा. वर-खाली दाबल्यास वर जाण्याला प्राधान्य देणारा पर्यायही तेथे आहे, आणि घरी खेळताना तो निवडलेला राहून गेला तर स्पर्धेत आक्षेप येऊ शकतो. एका बटणावर अनेक दाबांचा क्रम बसवला असेल तर तोही काढून टाकावा.

दुसऱ्या ‘टेकन’सारख्या खेळाच्या स्पर्धेत उतरायचे असेल तर त्या आयोजकांचे नियम स्वतंत्रपणे वाचावेत, कारण प्रत्येक कंपनी आपापले नियम ठरवते. ऐन वेळी वाद होऊ नये म्हणून सेटिंगचे ते पान फोनवर जतन करून न्यावे, आणि स्पर्धेच्या ठिकाणी कोणत्या कन्सोलवर सामने होणार आहेत हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे. संगणकावर निर्धास्त चालणारा घरगुती पिको तेथील प्लेस्टेशनने ओळखलाच नाही, तर नियमांचा प्रश्न येण्यापूर्वीच सामना सोडावा लागेल.